कान ठणठणीत, तरी दुखतो कान. आणि डेंटिस्टचं नाव काढलं की पोटात गोळा

पत्र:

नमस्कार ताई, वय ३६, नाशिकला एका पतसंस्थेत काउंटरवर असते. दोन-तीन महिने झाले, सकाळी उठलं की उजवा कान दुखतो, पार कानशिलापर्यंत. कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं, म्हणाले कान एकदम स्वच्छ आहे, डेंटिस्टला दाखवा. तोंड उघडताना कट्कन आवाज येतो आणि मागच्या आठवड्यात जांभई देताना जबडा क्षणभर अडकलाच, घामच फुटला मला. नवरा म्हणतो तू झोपेत करकर दात खातेस. त्याच बाजूला खालच्या दाढेत खड्डा पडलाय, गार पाणी लागलं की कळ येते, म्हणून सगळं डाव्या बाजूनेच चावते. पण डेंटिस्टकडे जायचं म्हटलं की हातपाय गळतात. चौथीत असताना दाढ काढली होती, भूल चढलीच नव्हती, आईने हात धरून ठेवलेले आणि डॉक्टर गप्प बस म्हणून ओरडत होते. परवा अपॉइंटमेंट घेऊन जिन्यापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले. त्यात सासूबाई म्हणतात दाढा काढल्या की नजर जाते. हे नक्की कानाचं आहे, दाताचं की जबड्याचं? आणि जाऊ कशी?
ता. क. मुलगी ६ वर्षांची आहे. तिला माझ्यासारखी भीती बसू नये म्हणून मी जाईन तेव्हा सोबत नेऊ का?
- घाबरट

उत्तर:

अगं, सही तू केलीयस म्हणून घाबरट म्हणते, नाहीतर ज्या मुलीची दाढ भूल न चढता ओढली ती पुन्हा त्या खुर्चीकडे फिरकली नाही यात घाबरटपणा कसला, कुणीही हेच केलं असतं. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना.

आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पत्रावरून निदान होत नसतं हे मान्य, पण तू जे लिहिलंयस त्यावरून मला यात दोन वेगळी दुखणी दिसतायत, एकाच बाजूला आल्यामुळे तुझ्या डोक्यात त्यांची खिचडी झालीय. गार पाण्याने येणारी कळ दाढेची. सकाळचं कान दुखणं, कट् आवाज आणि ते अडकणं हे जबड्याच्या सांध्याचं. आणि माझा सल्ला थोडा उलटा वाटेल पण ऐक, पहिली व्हिजिट दाढेसाठी घेऊच नकोस, जबड्यासाठी घे. का ते पुढे सांगते.

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे, जिथे कानाचा तो छोटा उंचवटा असतो ना, त्याच्या पुढे बोट ठेव आणि तोंड हळूहळू उघड-मिट कर. बोटाखाली काहीतरी हलल्यासारखं लागेल, तोच तो सांधा, डेंटिस्ट त्याला टीएमजे म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक. कानाच्या इतका खेटून आहे की मधली भिंत अगदी पातळ, त्यामुळे सांधा कुरकुरला की माणूस कान धरून बसतो, कानाच्या डॉक्टरकडे जातो, थेंब घालतो, गरम तेल घालतो (हे कुणी करू नका हो), आणि कान तर ठणठणीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गंमत म्हणजे कान आणि जबड्याच्या या नात्यावर ज्यांच्या लेखामुळे जगभर चर्चा सुरू झाली ते जेम्स कॉस्टेन स्वतः कान-नाक-घशाचेच डॉक्टर होते, अमेरिकेत, १९३४ साली. त्यांनी जे कारण सांगितलं होतं, की दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि कानाकडे दाबला जातो, ते पुढे टिकलं नाही, पण कानाची तक्रार जबड्यातून येऊ शकते ही गोष्ट टिकली. म्हणून तुझे कानाचे डॉक्टर चांगले निघाले असं म्हणेन मी, उगाच अँटिबायोटिक न देता त्यांनी तुला योग्य दिशेला धाडलं.

आता तो आवाज. हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरत नाही, तोंड मोठं उघडताना तो पुढेही सरकतो, आणि हाडांच्या मधे एक लवचीक चकती असते तीही त्याच्याबरोबर सरकायला हवी. ती चकती जागेवरून थोडी पुढे घसरलेली असली की जबडा उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि चढताना कट् होतं. इतकंच. असा आवाज ढीगभर लोकांना येतो, आयुष्यभर येतो, आणि दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल तर त्याला काहीही औषध लागत नाही. लोक युट्यूबवर बघून तो आवाज घालवायच्या मागे लागतात, जबडा इकडेतिकडे ओढून पुन्हा पुन्हा कट् वाजवून बघतात, तू तसं करत असशील तर आजपासून बंद. चिंता आवाजाची नसते, दुखण्याची आणि अडकण्याची असते. तुझं क्षणभर अडकून सुटलं, ते दाखवायला हवं पण धावपळ करण्यासारखं नाही. मात्र एखाद्या दिवशी आवाज अचानक बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड अर्धंच उघडायला लागलं, तर बरं झालं म्हणून खूश होऊ नकोस, चकती मधे अडकून बसली असण्याची शक्यता असते, तेव्हा एक-दोन दिवसात डॉक्टर गाठायचा. आणि उलटं झालं, म्हणजे जांभईत तोंड उघडं राहिलं आणि मिटतच नाही, तर जबडा निखळलाय, त्याला घरी कुणी धक्के देऊन बसवायचं नाही, थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत किंवा डेंटल सर्जनकडे.

हे होतं कशाने म्हणशील तर एकच एक कारण सापडेल असं नाही. बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि विशेषकरून तुझ्याच वयाच्या आसपास. झोपेत दात खाणं आहेच तुझं. पण दिवसा काय करतेस ते बघ एकदा, काउंटरवर रांग लागलेली असताना, हिशेब जुळत नसताना, समोरचा माणूस हुज्जत घालत असताना तुझे दात एकमेकांवर आवळलेले असतात का? पुष्कळांना हे सांगितल्यावरच कळतं. आपण रागाने दात-ओठ खातो असं नुसतं म्हणण्यापुरतं नाही, खरंच खातो, फक्त दिसत नाही. आरशात बघ, जिभेच्या कडेला दातांच्या नक्षीसारखे खळगे आहेत का, गालाच्या आतून दात मिटतात त्या रेषेत पांढरी रेघ आहे का. असेल तर आवळण्याची सवय असायची शक्यता बरीच. शिवाय तू कितीतरी दिवस एकाच बाजूने चावते आहेस, त्याने स्नायूंवर उगाच ताण येऊ शकतो, फोन मान आणि खांद्यात धरून बोलत असशील तर त्यानेही मान-जबडा आखडतो. डिप्रेशन-घबराटीच्या काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं, तशी काही चालू असेल तर डॉक्टरांना सांग पण आपल्या मनाने बंद करू नकोस. आणि नवऱ्याला विचार तू खूप घोरतेस का, मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, कारण झोपेतलं दात खाणं आणि ते बरेचदा जोडीने दिसतं.

एक साधी तपासणी घरी कर. तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तुझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघ, जबरदस्ती न करता. साधारण ४ सेंटिमीटरच्या आसपास तोंड उघडायला हवं. उघडताना हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला वळते हेही आरशात बघून ठेव, डॉक्टरांना सांगता येईल.

इथे जरा थांबून बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिते कारण जबडा दुखतो म्हणजे सांधाच असं धरून बसणं महागात पडू शकतं. तोंड महिनोन्महिने हळूहळू कमी उघडायला लागलंय, तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, गाल आतून पांढरट ताठ झालेत, आणि सुपारी, गुटखा, मावा यातलं काही चालू आहे किंवा होतं, तर तो सांध्याचा प्रश्न नाही, तो सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, मशेरी लावणाऱ्यांनीही तोंड अधूनमधून तपासून घ्यावंच. अक्कलदाढेभोवती पू झाला तरी तोंड उघडत नाही. जबड्याबरोबर छातीत दाब, घाम, हाताला कळ, दम लागणं असं असेल तर डेंटिस्टचा विचारही करू नका, हार्टच्या हॉस्पिटलला पळा, बायकांना हार्ट अटॅकमध्ये कधीकधी छातीपेक्षा जबडाच जास्त जाणवतो. पन्नाशीच्या पुढे नव्यानेच कानशील दुखायला लागलं, केस विंचरताना डोकं दुखतं, चावता चावता जबडा थकतो आणि नजर अंधुक होते असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण तो रक्तवाहिनीच्या सुजेचा आजार असू शकतो आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. गालाला, हनुवटीखाली सूज, ताप आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, हेही त्याच दिवशी. जखम झाल्यावर काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली तर धनुर्वात. आणि गालात वीज चमकल्यासारखी सेकंदभराची भयंकर कळ, तोंड धुताना, वारा लागताना, ती बहुतेक मज्जातंतूची असते, तिच्यासाठी चांगले दात काढून बसलेली माणसं मी बघितली आहेत, एक काढला, दुसरा काढला, कळ आहे तिथेच.

तुझ्याकडे परत येते. अपॉइंटमेंटपर्यंत काय करायचं? जबड्याला आराम. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ टाळूला पुढच्या दातांच्या मागे, ‘न’ म्हणताना टेकते तिथे अलगद. दात एकमेकांना लागायचे ते जेवताना आणि गिळताना, एरवी त्यांचं काही काम नाही. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला एक रंगीत टिकली चिकटव, ती दिसली की दात सुटे कर, हसू नकोस, याच्याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही आणि फुकट आहे. काही आठवडे मऊ खा, वरणभात, खिचडी, उपमा, शिकरण, मऊ पोळी. कडक भाकरी, चिक्की, ऊस, मक्याचं कणीस, च्युइंगम नको, वडापाव खायचाच असेल तर हाताने तोडून खा, आ वासून घास नको. जांभई आली की मूठ हनुवटीखाली धर म्हणजे तोंड जास्त उघडणार नाही. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन गालावर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पालथं, हातावर गाल ठेवून झोपत असशील तर कूस बदल. दुखण्याची गोळी थोडे दिवस चालते पण ॲसिडिटी, बीपी, किडनीचा काही त्रास असेल तर कुठली घ्यायची ते विचारून, आपल्या मनाने रोज नाही. एवढ्यानेच बहुतेकांचं काही आठवड्यांत पुष्कळ कमी होतं, हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, हा आजार मुळात तसाच आहे.

आता भीती. तुझ्या चौथीतल्या त्या प्रसंगाबद्दल एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. भूल चढली नाही असं जे तुला आठवतंय ते खरं असणार, तू नाटक करत नव्हतीस. दाढेत पू झालेला असला, आजूबाजूला सूज असली की तिथलं वातावरण आम्लधर्मी होतं आणि भुलेचं औषध नसेच्या आत नीट शिरतच नाही. त्यामुळे जी दाढ सगळ्यात जास्त ठणकते तीच बधीर व्हायला सगळ्यात अवघड. अशा वेळी जास्तीचं इंजेक्शन, वेगळ्या जागी इंजेक्शन, किंवा आधी औषधाने आणि पू काढून सूज उतरवून मग काम, हे करायचं असतं, लहान मुलीला चार हातांनी दाबून धरायचं नसतं. तेव्हा ते केलं गेलं नाही हा तुझा दोष नव्हता. आणि याच कारणासाठी दुखणं अंगावर काढू नकोस, आत्ता तुझी कळ गार पाण्यापुरती आहे, लगेच जाते असं दिसतंय, म्हणजे साध्या फिलिंगवर भागायची शक्यता आहे आणि भूलही सरळ चढेल. कळ मिनिटं-मिनिटं टिकायला लागली, रात्री आपोआप ठणका सुरू झाला, की मामला रूट कॅनलवर गेला, आणि तेव्हा ती दाढ बधीर करणंही जास्त कटकटीचं. म्हणजे ज्या गोष्टीची तुला भीती आहे ती गोष्ट थांबल्याने जवळ येतेय.

तर पहिली व्हिजिट जबड्यासाठी का, ते आता. कारण त्या तपासणीत सुई नाही, ड्रिल नाही, काहीच नाही. डॉक्टर तुला आधी प्रश्न विचारतील, केव्हा दुखतं, सकाळी की संध्याकाळी, काय खाताना. मग कानापुढे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तोंड उघड-मिट करायला सांगतील, आवाज कुठे येतो ते बोटांना जाणवतं. गालाचा तो जाड स्नायू, दात आवळले की टण्ण होतो तो, आणि कानशिलावरचा, असे दाबून बघतील, तिथे दुखलं तर ‘हां, इथेच!’ असं तुझ्या तोंडून आपोआप निघेल. छोट्या पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजतील. दात झिजलेत का बघतील. एखादा मोठा एक्स-रे, ओपीजी म्हणतात तो, त्यात तू उभी राहतेस आणि मशीन तोंडाभोवती फिरतं, तोंडात काही घालत नाहीत, चावायला एक छोटी काडी तेवढी. त्यात हाडं दिसतात, चकती दिसत नाही, तिच्यासाठी एमआरआय लागतो पण तो सगळ्यांना करत नाहीत. झालं. त्याच एक्स-रेमध्ये तुझी दाढही दिसेल आणि तू मात्र खुर्चीत बसून, वास घेऊन, माणसं बघून धडधाकट घरी येशील. त्या वासाबद्दल एक, दवाखान्यात शिरताच जो वास येऊन तुझ्या पोटात खड्डा पडतो ना, तो बहुतेक लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचा असतो, तात्पुरत्या सिमेंटमध्ये घालतात. मसाल्याच्या डब्यातलीच वस्तू आहे ती.

फोन करताना रिसेप्शनिस्टला दोन वाक्यं सांग, लाजू नकोस. ‘मला डेंटिस्टची खूप भीती वाटते आणि जबड्याचा सांधा दुखतो, पहिल्यांदा फक्त तपासायला येणार आहे, त्या दिवशी कुठलंही काम करायचं नाही.’ हे ऐकून पलीकडून हसू आलं किंवा अहो काही होत नाही हो म्हणून उडवून लावलं तर फोन ठेव आणि दुसरा नंबर लाव. गावात डेंटिस्टना काय तोटा आहे! सकाळची पहिली वेळ माग, म्हणजे दिवसभर कुढत बसणं नाही आणि बाहेर बाकावर दुसऱ्याचं ड्रिल ऐकणं नाही. नाश्ता करून जा, उपाशीपोटी जाऊन चक्कर येणारे निम्मे घाबरून नाही, भुकेने पडतात असं माझं मत झालंय.

दुसऱ्या वेळी फिलिंग. हाताची खूण आधी ठरवून घे, डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार, आणि पहिल्या पाच मिनिटांत एकदा उगाच हात वर करून बघ खरंच थांबतात का. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुझी भीती दुखण्याची जेवढी आहे त्याहून जास्त, आपण थांब म्हटलं तरी कुणी थांबणार नाही याची आहे. एकदा थांबले की खांदे आपोआप खाली येतात. इंजेक्शनच्या आधी हिरडीला जेल किंवा स्प्रे लावायला सांग आणि तो लावून एक-दोन मिनिटं थांबायला सांग, लावला की लगेच टोचलं तर काय उपयोग. सुई टोचते त्यापेक्षा औषध जोरात आत ढकललं की जास्त दुखतं, म्हणून ‘डॉक्टर, अगदी हळू सोडा’ हे सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे. अजिबात कळणार नाही असं खोटं सांगणार नाही, थोडं चुणचुणतं, टाळूत दिलं तर चांगलंच, पण तुझी दाढ खालची आहे, टाळूचा प्रश्न नाही. त्यानंतर दोन-चार मिनिटं छातीत धडधडलं तर ती ॲलर्जी नव्हे, त्या औषधात बहुतेक वेळा थोडं ॲड्रिनलिन असतं, ते ओसरतं. आधी बीपी, हृदय, डायबेटिस, रक्त पातळ करायच्या गोळ्या, दिवस गेलेत का, जे असेल ते सांगायचं आणि रक्त पातळ करायची गोळी आपणहून बंद करायची नाही.

ड्रिल सुरू झाला की एका कानात हेडफोन, दोन्हीत नको, डॉक्टरांचं ऐकू यायला हवं. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, नाकाने. हात पोटावर, पायाची बोटं हलवत राहा. जुन्या लोकांची भीती उगाच नव्हती बरं, पूर्वीचे ड्रिल पट्ट्यावर चालायचे, हळू फिरायचे आणि डोक्यापर्यंत हादरे जायचे. १९५७ च्या सुमारास हवेच्या दाबावर फिरणारे आले, आपले डॉक्टर ज्याला एअरोटर म्हणतात ते. आवाज शिट्टीसारखा कर्कश आहे पण काम पटकन होतं आणि पाण्याचा फवारा असतो. आवाज तेवढा राहिला.

तुझ्या बाबतीत एक महत्त्वाचं, बराच वेळ आ करून राहिल्याने जबड्याचं दुखणं भडकतं. म्हणून डॉक्टरांना सांग की काम छोट्या-छोट्या वेळात करा, दर थोड्या वेळाने तोंड मिटू द्या, आणि दुसऱ्या बाजूला चावायला रबराचा ठोकळा द्या, त्यावर जबडा टेकतो आणि स्नायूंना आपणहून तोंड उघडं धरावं लागत नाही. खालच्या दाढेच्या इंजेक्शननंतर काही दिवस तोंड जरा कमी उघडतं कुणाकुणाचं, शेकलं की सुटतं. आणि बधीरपणा उतरेपर्यंत गरम चहा नाही, चावणं नाही, गाल चावला जातो आणि कळत नाही.

एवढं करूनही जमलंच नाही तर काही ठिकाणी हसवणारा वायू, नायट्रस ऑक्साइड, मिळतो, नाकावर मास्क लावून, त्याने जाग असते पण धास्ती उतरते आणि बंद केला की काही मिनिटांत उतरतो. गोळीही देतात, पण ती डॉक्टरांनी लिहून दिलेलीच, सोबतीला कुणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. शेजारणीच्या झोपेच्या गोळीतली अर्धी वगैरे अजिबात नको.

पैशाची धास्ती तू लिहिली नाहीस पण बऱ्याच जणींची खरी भीती तीच असते, म्हणून काम सुरू करण्याआधी खर्च कागदावर लिहून माग. जमत नसेल तर डेंटल कॉलेज हा चांगला रस्ता आहे, सरकारी कॉलेजं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहेत, खाजगी कॉलेजांतही खर्च बाहेरच्यापेक्षा कमी येतो. तिथे जबड्यासाठी ओरल मेडिसिनची, म्हणजे तोंडाच्या आजारांची, ओपीडी विचारायची. वेळ जातो, विद्यार्थी बघतात, पण वर शिकवणारे असतात.

जबड्यासाठी डॉक्टर रात्री लावायची दातांची पट्टी सुचवतील, नाइट गार्ड. तुझ्या दातांचं माप घेऊन केलेली घे, ऑनलाइन मिळणारी गरम पाण्यात मऊ करून चावायची ती नको, काहींचं दुखणं तिने वाढतं. गार्डने दात खाणं थांबत नाही, दात झिजणं वाचतं आणि सांध्यावरचा भार थोडा हलका होतो. फिजिओथेरपीचा उपयोग होतो. पण कुणी पहिल्याच दिवशी जबडा दुखतो म्हणून चांगले दात घासून चावा बदलू, सगळ्या कॅप बसवू, नाहीतर तारा लावू म्हणालं, तर दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस, घासलेला दात परत येत नाही. सांधा सुईने धुण्यासारखे उपाय आहेत, ऑपरेशनही आहे, ते थोड्या लोकांना आणि बाकी सगळं करून झाल्यावर, ओरल सर्जनकडे.

सासूबाईंना सांग, दाताची नस आणि बघण्याची नस एकदम वेगळ्या. दात आणि चेहऱ्याचं दुखणं ज्या नसेने कळतं तिची एक फांदी डोळ्याच्या आसपासच्या कातडीला जाते, म्हणून वरच्या दाढेचा ठणका डोळ्यापर्यंत जाणवतो, पण दिसतं ते दुसऱ्याच नसेने. दाढा पडायचं वय आणि चष्मा लागायचं वय पूर्वी साधारण एकच असायचं म्हणून ही समजूत पडली असावी. उलट वरच्या किडलेल्या दाढेतला पू क्वचित डोळ्याकडे पसरू शकतो, तेव्हा नजरेची काळजी असेल तर दाढ किडवत ठेवणं जास्त धोक्याचं. अर्थात तुझी दाढ काढायची गोष्टच नाहीये अजून, त्यांना तेवढं सांगितलंस तरी पुरे.

आणि मुलगी. तुझ्या ट्रीटमेंटला तिला नेऊ नकोस. मुलं आईच्या चेहऱ्याकडे बघतात आणि तुझ्या मुठी आवळलेल्या दिसल्या की तिला जे शिकायचं ते ती शिकेल. तिला तिच्या स्वतःच्या तपासणीसाठी ने, काही दुखत नसताना, ६ व्या वर्षी मागे पक्क्या दाढा यायला लागतात, लोक त्या दुधाच्याच समजून किडू देतात, तेव्हा निमित्तही आहे. खुर्ची वरखाली करून बघू दे, आरसा हातात घेऊ दे, दात मोजून घेऊन घरी. शक्यतो बाबा किंवा मावशीबरोबर पाठव, तू बाहेर बस. आणि घरात कुणीही, आजीनेसुद्धा, चॉकलेट खाल्लंस तर डॉक्टर सुई टोचतील असं म्हणायचं नाही, दुखणार नाही हं असंही आधी म्हणायचं नाही, कारण तोपर्यंत दुखण्याचा विचार तिच्या डोक्यात आलेलाच नसतो.